ती मुलगी विवाहित आहे

ऑक्टोबर २०२५ मध्ये एका अल्पवयीन मुलाच्या जामिनाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मत नोंदवलं की लैंगिक शिक्षण नववीपर्यंत थांबवून ठेवू नये, ते त्याच्या आधीच सुरू व्हावं. मग शिक्षकांच्या गटावर, पालकांच्या गटावर, घरी जेवताना, सगळीकडे तोच विषय. एक बाजू म्हणत होती, आता पाचवीतल्या पोरांना हे शिकवणार का, संस्कार म्हणून काही उरलंय की नाही? दुसरी बाजू म्हणत होती, मुलांच्या हातात मोबाइल आलाय, तुम्ही कोणत्या शतकात राहता? दोघंही तावातावाने बोलत होते आणि दोघांच्याही डोळ्यांसमोर एकच मुलगी होती. शहरातली, इंग्रजी शाळेतली, हातात फोन असलेली, कुणाच्या तरी प्रेमात पडलेली. एकाला तिला आवरायचं होतं, दुसऱ्याला तिला मोकळीक द्यायची होती. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोडीच्या पट्ट्यात मी सव्वीस वर्षं माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवलं. त्या अनुभवावरून सांगते, आपल्याकडे कोवळ्या वयात आई होणारी मुलगी बहुतेक वेळा ही नसतेच. तिच्या गळ्यात मंगळसूत्र असतं. तिचं गरोदरपण चोरून झालेलं नसतं. हळद लावून, मांडव घालून, अक्षता टाकून, पंगती उठवून सगळ्या गावाच्या देखत ते घडवून आणलेलं असतं.

पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी जवळजवळ २२ टक्के जणींचं लग्न अठरा पूर्ण व्हायच्या आत झालेलं आढळलं. परभणीत हा आकडा ४८ टक्के आहे, बीडमध्ये ४४ च्या घरात. १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ७.६ टक्के मुली सर्वेक्षणाच्या वेळी आई झालेल्या होत्या किंवा गरोदर होत्या. देशाचं प्रमाण ६.८ टक्के. फुले-कर्व्यांचं नाव सांगणारं, स्वतःला पुढारलेलं म्हणवणारं आपलं राज्य या एका बाबतीत देशाच्या सरासरीच्याही मागे आहे. या मुलींना ‘बिघडलेल्या’ कोण म्हणेल? त्या तर आईबापांनी सांगितलं तसंच वागल्या.

म्हणून माझं म्हणणं सुरुवातीलाच स्पष्ट सांगते. शरीर, पाळी, संमती, गर्भधारणा आणि ती टाळण्याचे उपाय यांचं शिक्षण पाचवी-सहावीपासून, मुलींना आणि मुलग्यांना सारखंच, सरकारी शाळेत, सरकारच्या पैशाने मिळालं पाहिजे. एखाद्या संस्थेच्या तीन वर्षांच्या प्रकल्पावर ते चालू नये, त्यासाठी दरवर्षीच्या अर्थसंकल्पात तरतूद हवी. आणि तो पैसा शाळेच्या भिंतीपाशी थांबू नये. शाळा सुटलेल्या आणि लग्न झालेल्या मुलीपर्यंत तो पोचला पाहिजे, कारण ज्या मुलीसाठी हे सगळं करायचं ती आपल्याला वर्गात फार दिवस सापडतच नाही.

ती कुठे जाते ते आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. दसरा झाला की कारखान्याला मजूर पुरवणाऱ्या मुकादमाच्या गाड्या गावात येतात. ऊसतोडीत उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, जोडप्याला मिळते, नवरा-बायको मिळून एक कोयता. आईबाप कारखान्याला गेले की तेरा-चौदा वर्षांची मुलगी म्हाताऱ्या आजीजवळ राहते, नाहीतर सोबत जाते आणि फडाशेजारच्या पालात दिवस काढते. आजीला रात्री झोप लागत नाही. पालाला दार नसतं. मुलगी ‘मोठी झाली’ म्हणजे तिला पाळी आली एवढाच त्याचा अर्थ, आणि त्या दिवसापासून ती घरातली जोखीम होते. तिचं लग्न लावून दिलं की जोखीम दुसऱ्याच्या घरी जाते आणि त्या घरात एक कोयता वाढतो. मी आठवीच्या वर्गावर हजेरी घ्यायचे तेव्हा दिवाळीनंतर काही नावांना उत्तर यायचं नाही. पहिली दोन वर्षं मी ‘गैरहजर’ लिहीत राहिले. नंतर मुलीच सांगायला लागल्या, ‘बाई, तिचं झालं.’ काय झालं ते वेगळं विचारावं लागत नव्हतं.

त्यांतली एक मला पुढच्या पावसाळ्यात ग्रामीण रुग्णालयाच्या ओसरीत भेटली. पोटुशी होती, सातवा-आठवा महिना असावा. हातात हिरवा चुडा, पायात सूज. केसपेपरवर तिचं वय एकोणीस लिहिलेलं होतं. माझ्या हजेरीपटानुसार ती सोळाची होती. तिच्या सासूने माझ्याकडे पाहिलं आणि केसपेपर उलटा करून मांडीवर ठेवला. मी वयाबद्दल काही बोलले नाही. मुलीला एवढंच विचारलं, ‘लगेच कशाला गं? थोडं थांबायचं ना.’ ती म्हणाली, ‘थांबता येतंय का, बाई?’ हा उद्धटपणा नव्हता, तिला खरंच माहीत नव्हतं. माझ्या विज्ञानाच्या तासाला दोन वर्षं बसलेली ही मुलगी. वनस्पतींचं परागीभवन तिला पाठ होतं.

आता या मुलीला डोळ्यांसमोर ठेवून त्या वादाकडे पुन्हा बघा. लैंगिक शिक्षण दिलं तर मुलं लग्नाआधी नको ते करतील, ही पहिली भीती. या मुलीबाबत ती लागूच होत नाही, तिचं लग्न आपणच लावून दिलंय. नववीच्या आधी शिकवण्याची घाई कशाला, हा दुसरा प्रश्न. आपल्या पाठ्यपुस्तकात मानवी प्रजननाचा धडा दहावीला येतो, आणि ज्या मुलींना तो सगळ्यांत जास्त हवा त्या दहावीपर्यंत पोचतच नाहीत. आधी शिकवा म्हणण्यामागे आधुनिकतेची हौस नाही. मुलगी शाळेत आहे तोवर तिला सांगून घ्या, एवढा साधा हिशेब आहे.

हा वाद आपल्याकडे पहिल्यांदाच होतोय असंही नाही. अकरा वर्षांची असताना लग्न झालेल्या रखमाबाईंनी नांदायला जायला नकार दिला आणि नवऱ्याने, दादाजी भिकाजीने, १८८४ साली मुंबईच्या न्यायालयात दावा लावला. १८८७ मध्ये न्यायालयाने त्यांना सांगितलं की नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. त्यांनी तुरुंगाची तयारी दाखवली. शेवटी पैसे देऊन तडजोड झाली, त्या लंडनला गेल्या, डॉक्टर झाल्या आणि पुढे सुरत-राजकोटला बायकांचे दवाखाने चालवत राहिल्या. तिकडे कलकत्त्यात फुलमणी दासी नावाची दहा-अकरा वर्षांची मुलगी नवऱ्याच्या बळजबरीने रक्तस्राव होऊन मेली. नवऱ्यावर बलात्काराचा गुन्हा शाबीत होऊ शकला नाही, कारण कायद्यातली संमतीची मर्यादा दहा वर्षांची होती आणि ती मर्यादा तिने ओलांडली होती. या दोन प्रकरणांनंतर १८९१ चं संमतिवयाचं विधेयक आलं. मर्यादा दहावरून बारा करायची, एवढीच त्यातली मागणी. आणि पुणे पेटलं. आगरकर विधेयकाच्या बाजूने, टिळक विरोधात. टिळकांवर अन्याय होऊ नये म्हणून सांगते, त्यांना बालविवाह हवा होता असं नाही. मुलींची लग्नं सोळाच्या आत करू नयेत असं समाजानेच ठरवावं, असं त्यांनी स्वतः सुचवलं होतं. त्यांचा आक्षेप सरकारच्या हस्तक्षेपाला होता. सुधारणा आतून व्हावी, परक्या सरकारने घरात डोकावू नये.

या आक्षेपात त्या काळी वजन होतं, कारण सरकार खरोखरच परकं होतं. पण त्या सगळ्या सभांमध्ये, अग्रलेखांमध्ये आणि शास्त्रार्थांमध्ये सर्वांत कमी बोललं गेलं ते त्या मुलीच्या शरीराबद्दल. धर्माचं काय होईल, राष्ट्राचं काय होईल, सरकारचा डाव काय, सगळं झालं. बारा वर्षांच्या मुलीच्या कमरेचं हाड बाळंतपणाला तयार असतं का, हे फार थोड्यांनी विचारलं. आज सरकार आपलं आहे, संविधान आपलं आहे, तरी वादाची रीत तीच आहे. तेव्हा ‘धर्म बुडेल’ म्हणत, आता ‘संस्कृती बुडेल’ म्हणतात. आणि समाज आतून सुधारेल म्हणून वाट बघण्याची किंमत किती? लग्नातल्या संमतीचं वय दहावरून अठरावर यायला १८९१ पासून २०१७ उजाडलं. ११ ऑक्टोबर २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाने अठराखालच्या पत्नीशी केलेला संभोगही बलात्कारच आहे असं ठरवलं, तोपर्यंत कायद्याने पंधरा वर्षांची बायको नवऱ्याच्या हवाली केलेली होती.

दुसरं उदाहरण र. धों. कर्व्यांचं. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, त्याच वर्षी लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांनी त्यांचं केंद्र उघडलं. ब्रिटनमध्ये अशी केंद्रं वाढत गेली आणि काही वर्षांतच तिथल्या सरकारी दवाखान्यांना विवाहित स्त्रियांना सल्ला देण्याची मुभा मिळाली. कर्व्यांना इथे गणिताच्या प्राध्यापकाची नोकरी सोडावी लागली. ‘समाजस्वास्थ्य’ मासिक त्यांनी १९२७ पासून १९५३ मध्ये मरेपर्यंत पदरमोड करून चालवलं, अश्लीलतेचे खटले अंगावर घेतले, आणि १९३४ च्या खटल्यात बॅरिस्टर आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहूनही ते हरले. कर्व्यांचं धैर्य आपण आज भाषणांत सांगतो. मला त्यातून वेगळंच दिसतं. एका माणसाच्या पदरच्या पैशावर असलं काम चालवायला लावणं हीच समाजाची चूक होती. त्यांच्यानंतर मासिक बंद पडलं. एकट्याच्या हिमतीवर उभं केलेलं काम त्या माणसाबरोबर संपतं. आजही आमच्या तालुक्यात एखादी संस्था येते, शिबिरं घेते, मुली बोलायला लागतात, देणगीचं वर्ष संपतं आणि गाडी निघून जाते.

आता विरोधकांचे मुद्दे घेते, आणि त्यांतले काही मला मान्य आहेत हे आधीच सांगते.

आईवडिलांनी हे घरी सांगावं, शाळेचं हे काम नाही, असं म्हणणाऱ्यांचं मन मला कळतं. लेकराशी कोणी काय बोलायचं हे ठरवण्याचा हक्क सरकारला सहज देऊ नये. पण घरी काय सांगितलं जातं? माझ्या आईने मला सांगितलं ते एवढंच, ‘कावळा शिवला, बाजूला बस.’ मी माझ्या मुलीला सांगितलं तेव्हा माझेच शब्द अडखळत होते, आणि मी विज्ञानाची शिक्षिका. १९८९ मध्ये डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी प्रसिद्ध केली. ९२ टक्के बायकांना कुठला ना कुठला स्त्रीरोग होता, आणि त्याआधी कधी तपासणी झालेल्या बायका आठ टक्केही नव्हत्या. त्या बायका आपल्या लेकींना काय सांगणार होत्या? ज्यांना कुणी कधी काही सांगितलंच नाही त्यांच्यावर सांगण्याची सगळी जबाबदारी टाकून आपण मोकळं व्हायचं का? दुसरं, घर नेहमी सुरक्षित असतं हे आपण गृहीत धरतो. २००७ मध्ये केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने बारा हजारांवर मुलांशी बोलून केलेल्या अभ्यासात ५३ टक्के मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक छळ झाल्याचं सांगितलं. त्यात मुलगे मुलींपेक्षा थोडे जास्तच होते. छळणाऱ्यांपैकी निम्मी माणसं ओळखीची किंवा विश्वासातली होती. चुलत्याच्या, शेजाऱ्याच्या, मामेभावाच्या तक्रारीसाठी मुलाजवळ शब्द तरी हवेत ना? ते शब्द त्याच घरातून येतील याची खात्री कोण देणार? ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत चार वर्षांच्या दोन चिमुरड्यांवर अत्याचार झाल्याचं उघड झालं आणि लोकांनी लोकल गाड्या अडवल्या. त्या मुली आपापल्या घरी काहीतरी सांगू शकल्या म्हणून ते बाहेर आलं. मुंबई उच्च न्यायालयाने तेव्हा सुनावलं होतं की मुलग्यांनाही लहान वयातच बरं-वाईट शिकवा. ते तर या सगळ्या चर्चेत कुणाच्याच तोंडी नाही.

दुसरा आक्षेप साहित्याबद्दल आणि शिक्षकांबद्दल आहे, आणि तो बऱ्याच अंशी खरा आहे. केंद्राचा किशोरवयीन शिक्षण कार्यक्रम आला, आणि २००७ साली महाराष्ट्र, मध्य प्रदेश, गुजरात, कर्नाटक अशा राज्यांनी तो थांबवला. त्यातले तक्ते मी पाहिले होते. एड्सच्या भीतीतून तयार झालेलं ते साहित्य, चित्रं अचानक समोर येणारी, शिक्षकाला दोन दिवसांचं प्रशिक्षण, आणि पालकांना काही विचारलेलंच नाही. आमच्या मुख्याध्यापकांनी तो गठ्ठा कपाटात ठेवला तेव्हा मला हायसं वाटलं होतं, हे कबूल करते. पण मग काय झालं? साहित्य वाईट होतं म्हणून विषयच बंद केला. गणिताचं पुस्तक वाईट निघालं तर आपण गणित बंद करतो का? २००९ मध्ये राज्यसभेच्या याचिका समितीने शाळेत लैंगिक शिक्षण नकोच असा अहवाल दिला आणि एका पिढीची वर्षं गेली. झारखंडने दुसरी वाट धरली. तिथे २००६ पासून ‘उडान’ या नावाने हाच अभ्यास राज्याच्या शाळांमध्ये वेळापत्रकात बसवला गेला आणि टिकला. गडचिरोलीत राणीताईंच्या ‘तारुण्यभान’ शिबिरांना मुलं-मुली येत राहिली. नाव नीट ठेवलं, पालकांना आधी बोलावलं, शिक्षक तयार केला तर आपल्या गावांनाही हे चालतं. शिक्षक तयार करायला मात्र पैसा लागतो, आणि वाद तिथेच येऊन थांबतो.

शिकवल्याने मुलं बिघडतात का? हा प्रश्न अंदाजाने सोडवायची गरज नाही, तो पैसे खर्च करून तपासला गेला आहे. अमेरिकेने १९९६ च्या कायद्याने ‘लग्नापर्यंत थांबा’ एवढंच शिकवणाऱ्या कार्यक्रमांसाठी दरवर्षी ५ कोटी डॉलर ठेवले. गर्भनिरोधकांचं नाव घ्यायचं तर त्यांतल्या त्रुटी सांगण्यापुरतं. तिथल्याच संसदेने मूल्यमापन करवून घेतलं आणि २००७ मध्ये निकाल आला. चार कार्यक्रम, दोन हजारांवर मुलं. शिकवलेली आणि न शिकवलेली मुलं यांच्या वागण्यात काही फरक नव्हता, पहिल्या संबंधाचं सरासरी वयसुद्धा सारखंच. याउलट इंग्लंडने १९९९ मध्ये दहा वर्षांचा सरकारी कार्यक्रम आखला. शाळेत शिक्षण, तरुणांना बिचकावणार नाहीत असे दवाखाने, प्रत्येक भागात एक जबाबदार समन्वयक आणि त्यासाठी स्वतंत्र निधी. १९९८ मध्ये अठराखालच्या दर हजार मुलींमागे ४७ गर्भधारणा होत्या, २०१४ पर्यंत त्या २३ वर आल्या. सगळं श्रेय शिक्षणालाच द्यावं असं मी म्हणत नाही. पण शिकवल्यामुळे मुली वाया गेल्या असं तरी कुठे दिसलं?

तिकडच्या मुली अविवाहित, इकडच्या विवाहित, मग ही तुलना कशाला, असं कुणी म्हणेल. बरोबर आहे, आणि इथेच सर्वांत बिनतोड आक्षेप येतो. तो मला माझ्याच एका माजी विद्यार्थ्याने घातला. तो आता मुकादमी करतो. म्हणाला, ‘बाई, तुम्ही पोरीला सगळं शिकवलं तरी बाप काय करणार? उचल घेतलीय, घराला कुलूप लावून जायचंय, पोरगी ठेवायची कुठं? ज्ञानानं दार लागतं का?’ याला माझ्याकडे चटकन उत्तर नव्हतं. लग्न मुलीच्या अज्ञानामुळे ठरत नाही. ते गरिबीमुळे, असुरक्षिततेमुळे, वयासोबत वाढणाऱ्या हुंड्यामुळे ठरतं. केरळमध्ये बालविवाहाचं प्रमाण सहा टक्क्यांच्या आसपास आहे, आणि त्याचं मोठं कारण मुली तिथे शाळेत टिकतात हे आहे. नुसत्या एका तासिकेने बीडचं केरळ होणार नाही, हे मान्य.

तरीही पाचोडला काय झालं ते बघा. पैठण तालुक्यातल्या या गावात एका आरोग्य संस्थेने १९९० च्या दशकाच्या अखेरीस आसपासच्या खेड्यांतल्या अविवाहित मुलींसाठी रोज संध्याकाळी तासाभराचा वर्ग सुरू केला, वर्षभराचा. शिकवणाऱ्या गावातल्याच बायका, सातवी-आठवी झालेल्या. आरोग्य, शरीर, कायदा, हिशेब, सरकारी कचेरीत कसं बोलायचं, सगळं त्यात होतं. आईबापांना आणि गावातल्या कारभाऱ्यांना सुरुवातीपासून सोबत घेतलं. १९९७ ते २००१ या चार वर्षांत त्या गावांतल्या लग्नांपैकी अठराखालच्या मुलींच्या लग्नांचं प्रमाण ८१ टक्क्यांवरून ६२ वर आलं. कुणाचं कर्ज फिटलं नव्हतं, कुणाला जमीन मिळाली नव्हती. मग बदललं काय? मला वाटतं, रोज संध्याकाळी ठरल्या वेळी कुठेतरी जाणारी मुलगी आईबापांना वेगळी दिसायला लागली. तिच्याजवळ बोलायला शब्द आले, आणि तिच्या बाजूने बोलणारी गावातली एक बाई उभी राहिली. ६२ टक्के हाही भयंकरच आकडा आहे. पण शिक्षणाने गरिबीपुढे काहीच होत नाही, हे म्हणणं तिथे खोटं ठरलं. माझ्या मुकादम विद्यार्थ्याला मी नंतर सांगितलं, दार लागत नाही हे खरं, पण दाराशी कोण उभं राहणार हे बदलतं. तो ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठीच्या हंगामी वसतिगृहांबद्दल बोलायला लागला. ती वेळेवर सुरू होत नाहीत, मुलींसाठी बाई नसते. तो बरोबर बोलत होता. हंगामी वसतिगृहाचा पैसा आणि या शिक्षणाचा पैसा मला एकाच कामाचा वाटतो.

राहिला पैशाचा प्रश्न. शाळेत संडासाला पाणी नाही, शिक्षकांच्या जागा रिकाम्या, आणि तुम्ही नवा खर्च सांगता? मी असल्या शाळेतच आयुष्य काढलंय, त्यामुळे हा प्रश्न मला पोकळ वाटत नाही. पण खर्च आजही होतोच आहे, फक्त उशिरा आणि भलत्या ठिकाणी. राज्यातल्या किशोरवयीन मुलींपैकी निम्म्याहून जास्त मुलींच्या अंगात रक्त कमी आहे. अशी मुलगी सोळाव्या वर्षी बाळंत झाली की रक्ताच्या पिशवीचा, सिझेरियनचा, कमी वजनाच्या बाळाच्या काचेच्या पेटीचा खर्च सरकारच करतं. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांची पाहणी झाली तेव्हा सुमारे ८२ हजारांपैकी तेरा हजारांहून अधिक बायकांची गर्भाची पिशवी काढलेली निघाली. चौदाव्या-पंधराव्या वर्षी लग्न, विशीच्या आत दोन-तीन बाळंतपणं, पाळीत सुट्टी घेतली तर दंड, पांढरं जातंय म्हणून डॉक्टर, आणि डॉक्टर सांगतो पिशवी काढून टाका. आपल्या शरीरात ती पिशवी काय करते हे त्या बाईला कुणी कधी सांगितलं होतं?

सरकार या बाबतीत हात राखून आहे असंही नाही. ‘लेक लाडकी’ योजनेत पिवळ्या आणि केशरी शिधापत्रिकेच्या घरातल्या मुलीला टप्प्याटप्प्याने १ लाख १ हजार रुपये मिळणार आहेत, त्यांतले ७५ हजार अठरा पूर्ण झाल्यावर. योजना चांगली आहे. पण ती १ एप्रिल २०२३ नंतर जन्मलेल्या मुलींसाठी आहे, म्हणजे ते ७५ हजार पहिल्या मुलीच्या हाती पडायला २०४१ उजाडेल. आज चौदा वर्षांची असलेल्या मुलीचं काय? तिच्यासाठी ग्रामीण रुग्णालयात किशोरवयीनांना सल्ला देणारं ‘मैत्री’ केंद्र आहे, २०१४ पासूनचा राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम आहे, शाळेत दोन आरोग्यदूत शिक्षक नेमायची २०२० ची योजना आहे. कागदावर सगळं आहे. प्रत्यक्षात समुपदेशक कंत्राटी, तिचा पगार रखडलेला. आरोग्यदूत शिक्षकाकडे त्याच वेळी शालेय पोषण आहाराची नोंदवही आणि निवडणुकीच्या याद्या. मागणी नव्या योजनेची नाहीच. आहे त्या योजनेतल्या माणसाला कायम नोकरी द्या, दर आठवड्याला एक तास वेळापत्रकात छापून द्या, आणि आशाताईला लग्न झालेल्या मुलीच्या घरी जायला वेळ आणि मोबदला द्या.

आशाताईची अडचण कुणी मांडत नाही, म्हणून इथे मांडते. गावात सोळाची सून आली हे तिला पहिल्या आठवड्यात कळतं. मूल लांबवायला ‘छाया’ गोळ्या दिल्या किंवा ‘अंतरा’ इंजेक्शन सांगितलं तर नोंद करावी लागते. नोंद केली तर वय येतं, वय आलं की बालविवाहाचा आणि पॉक्सोचा, म्हणजे बाललैंगिक अत्याचाराचा गुन्हा, आणि गावात आशाताईचं जगणं अवघड. म्हणून ती पाहूनही न पाहिल्यासारखं करते. कायदा मुलीच्या रक्षणासाठी झाला आणि त्याच कायद्याच्या धाकाने घरचे तिला दवाखान्यापासून दूर ठेवतात, नाहीतर केसपेपरवर वय वाढवून लिहितात. सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डॉक्टरांना सांगितलं की संमतीच्या संबंधातून गरोदर राहिलेली अल्पवयीन मुलगी गर्भपातासाठी आली तर तिने आणि तिच्या पालकांनी विनंती केल्यास पोलिसांना कळवताना तिचं नाव उघड करण्याची गरज नाही. हे आमच्या आरोग्य उपकेंद्रापर्यंत कुणी पोचवलं? त्याचं प्रशिक्षण कोण देणार, कोणत्या पैशातून?

ओसरीतल्या त्या भेटीनंतरच्या जूनमध्ये मी एक काम केलं. दहावीचा प्रजननाचा धडा मी इतकी वर्षं ‘घरी वाचून या’ म्हणून पुढे ढकलत आले होते. त्या वर्षी तो मी आठवीच्या वर्गात शिकवला. मुलींना आधी, मुलग्यांना नंतर, मग दोघांना एकत्र. बिस्किटाचा एक पत्र्याचा डबा टेबलावर ठेवला आणि सांगितलं, नाव न लिहिता प्रश्न टाका. पहिल्या दिवशी डबा रिकामा होता. आठवड्याने झाकण बसेना. ‘पाळी आली की लग्न करावंच लागतं का?’ ‘मुलगी झाली तर चूक कुणाची?’ ‘रात्री अंथरूण ओलं होतं, मला रोग झालाय का?’ हा एका मुलग्याचा, आणि त्याने ‘रोग’ शब्दाखाली दोनदा रेघ मारली होती. बहुतेकांची उत्तरं मला देता आली. ग्रामसेवक हा गावातला बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो हे मी फळ्यावर लिहिलं, १०९८ हा मुलांच्या मदतीचा क्रमांक लिहिला, आणि मुलांनी तो वहीच्या शेवटच्या पानावर उतरवून घेतला.

एक चिठ्ठी मी अजून जपून ठेवली आहे. चौकटीच्या वहीचं पान, पेन्सिलने लिहिलेलं. ‘बाई, दिवाळीनंतर माझं लग्न आहे. लगेच मूल होऊ नये म्हणून सरकारी दवाखान्यात गेलं तर नाव विचारतात का? नाव सांगितलं तर घरी कळतं का?’ अक्षर कुणाचं ते मी ओळखलं होतं. लग्न मोडायचा प्रयत्न केला, तिच्या घरी दोनदा गेले, जमलं नाही. प्रश्नाचं उत्तर घ्यायला मी शनिवारी दुपारी ग्रामीण रुग्णालयातल्या त्या केंद्रात गेले. दाराला कडी होती. शेजारच्या औषधाच्या खिडकीतला माणूस म्हणाला, समुपदेशक ताईंचा करार मार्चलाच संपलाय, नवीन कधी येतील ते वरून कळेल.